बो-कापचा खिमा

दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन शहरात, सिग्नल हिल या टेकडीच्या उतारावर बो-काप ही जुनी मुस्लिम वस्ती आहे. गुलाबी, पोपटी, निळ्या रंगांची घरे, दगडी फरसबंदीचे चढ आणि थोड्या थोड्या अंतरावर मशिदी. पर्यटक रंगीत भिंतींपुढे फोटो काढतात आणि निघून जातात. आम्ही मात्र जेवणापर्यंत थांबलो. भिंतींपेक्षा चुलीपाशी ही वस्ती अधिक कळते.

डच व्यापाऱ्यांनी १६५२ साली केपमध्ये ठाणे वसवले. पुढे इंडोनेशियाची बेटे, बंगाल, मलबार, श्रीलंका, मादागास्कर येथून माणसे गुलाम म्हणून किंवा हद्दपारीची शिक्षा देऊन येथे आणली गेली. त्यांपैकी तिदोर बेटावरील इमाम अब्दुल्लाह, म्हणजे तुआन गुरू, यांनी रॉबेन बेटावरील कैदेत पाठ असलेले कुरआन शरीफ लिहून काढले. डॉर्प स्ट्रीटवरील अव्वल मशीद १७९४ ची, देशातील सर्वांत जुनी. बो-कापच्या मुस्लिमांचा वारसा याच माणसांपासून चालत आला आहे. त्यांनी दीन जपला, तशी हाताची चवही जपली.

त्या चवीची ओळख म्हणजे 'बोबोटी'. हा बीफच्या खिम्याचा, भट्टीत भाजलेला पदार्थ. आम्ही ज्या घरी पाहुणे होतो तेथे माणसे सहा आणि खिमा जेमतेम अर्धा किलो. घरच्या आजींनी शिळ्या पावाचे तीन तुकडे कपभर दुधात भिजवले, पिळून खिम्यात कुस्करले आणि उरलेले दूध बाजूला ठेवले. दोन कांदे परतून त्यात आले-लसूण, हळद, मसाला, चमचाभर जर्दाळूचा जॅम, थोडे व्हिनेगर, मूठभर मनुका घातल्या. खिमा शिजल्यावर भांड्यात दाबून बसवला. बाजूला ठेवलेल्या दुधात दोन अंडी फेटून वर ओतली, तमालपत्रे खोचली आणि भट्टीत अर्धा-पाऊण तास ठेवले. सोबत हळदीचा पिवळा भात, कांदा-टोमॅटोचे 'सांबल' आणि लोणचे. लोणच्याला तिकडे 'अचार'च म्हणतात.

"मटण वाढवता येत नाही, पाव वाढवता येतो," आजी म्हणाल्या. शेजारचे एक मूल ऐनवेळी जेवायला बसले, तरी भांड्याच्या कडेला थोडे उरलेच.

केपटाऊनमध्ये आपल्या कोकणातील मुस्लिम कुटुंबेही आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरीकडची माणसे बोटीने येथे येऊन स्थिरावली. त्यामुळे या शहरात आम्हाला फार परके वाटले नाही.

वर्णभेदी राजवटीत जवळच्या डिस्ट्रिक्ट सिक्समधून साठ हजारांहून अधिक लोकांना घराबाहेर काढले गेले. बो-काप त्यातून वाचले. आज धोका वेगळा आहे. शहराच्या मध्यावरील या घरांच्या किमती आणि कर इतके वाढले की जुन्या कुटुंबांना येथे राहणे जड जाते. २०१९ साली येथील १९ ठिकाणांना राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला. कायदा इमारत वाचवू शकतो. पण कमी पैशांत सर्वांना पोटभर वाढणारे घर तेथून उठले, तर त्या रंगीत भिंतींमागे उरणार काय?

महागाई आपल्याही दारात आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या मांसावरही बंदी आहे. म्हणून बोबोटी म्हशीच्या खिम्याची करावी. तो थोडा अधिक वेळ शिजवावा. जर्दाळूचा जॅम नसेल तर आंब्याचा छुंदा चालतो, व्हिनेगरऐवजी लिंबू. ओव्हन नसेल तर जाड कढईत मीठ पसरून त्यावर जाळी व भांडे ठेवावे आणि झाकण लावून मंद आचेवर अंडे घट्ट होऊ द्यावे. वरचा थर तांबूस होणार नाही, चवीत मात्र उणे पडणार नाही. आणि भांडे दस्तरखानावर आणण्यापूर्वी शेजारच्या मुलांनाही हाक मारावी. सर्वांना पुरेल, इन्शाअल्लाह.