माऊस बाजूला ठेवून

घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि अर्ज बहुधा इंग्रजीत, अशी आम्हा सीमाभागातल्या माणसांची रीत. त्यामुळे कुठल्याही कामात पहिला प्रश्न येतो तो भाषेचा. कागदाच्या जागी संगणकाचा पडदा आला, तरी तो प्रश्न कायम आहे. संकेतस्थळ उघडले की मूळ पानावर एक लहानशी चौकट येऊन बसते : 'भाषा निवडा'. डोळस माणूस माऊसने टिचकी मारून पुढे जातो. ज्याला तो बाणच दिसत नाही, त्याने काय करावे? हा प्रश्न माझ्यापुढे आणला तो आमच्याच शाळेतून दहावी झालेल्या एका दृष्टिहीन विद्यार्थ्याने.

तो संगणक केवळ कळफलकावर चालवतो. टॅबची कळ दाबली की 'फोकस', म्हणजे पुढची कळ जिथे लागू होणार ती जागा, एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात सरकते आणि एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर तिथला मजकूर वाचून दाखवतो. विनामूल्य मिळणारी ही आज्ञावली २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने लिहायला घेतली.

गेल्या वर्षी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला तो शाळेत आला होता. सारे रकाने त्याने स्वतः भरले. 'सादर करा' म्हणताच प्रतिज्ञापत्राची चौकट वर आली. मला ती दिसत होती, त्याला तिचा पत्ताच नव्हता. फोकस मागच्या अर्जातच राहिलेला. तो टॅब दाबत होता आणि यंत्र पुन्हा वडिलांचे नाव, गाव, खाते क्रमांक वाचत होते. "सर, गेला काय हो अर्ज?" त्याने विचारले. शेवटी मी माऊस धरला आणि अर्ज गेला. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "आज तुम्ही आहात, सर. उद्या बँकेचं काम असलं तर पासवर्डसुद्धा दुसऱ्याच्या हाती द्यायचा काय?"

दुखणे मोठे असले तरी उपाय साधा आहे. वर्गातल्या मुलाला कचेरीत बोलावले, तर आपण काय करतो? त्याला आत घेतो, काम होईपर्यंत आत ठेवतो, दार मात्र बंद करत नाही आणि काम झाल्यावर ते आपल्याच बाकावर जाऊन बसते. चौकटीचेही तेच. ती उघडताच फोकस आत गेला पाहिजे. ती उघडी आहे तोवर टॅबने तो आतल्या आत फिरला पाहिजे, मागच्या पानावर सांडता कामा नये. एस्केप दाबताच चौकट मिटली पाहिजे. आणि ज्या बटनावरून ती उघडली, तिथेच फोकस परतला पाहिजे. नाहीतर बिचाऱ्याला पान पुन्हा पहिल्यापासून चाचपावे लागते.

पूर्वी ही व्यवस्था आज्ञावलीकाराला हाताने लिहावी लागे. २०२२ पासून सर्व प्रमुख ब्राउझरांत 'डायलॉग' नावाचा तयार घटक चालतो. तो योग्य रीतीने वापरला तर यातले बहुतेक काम ब्राउझरच सांभाळतो. कळफलकाने वापरणारा कुठेही अडकून पडू नये, हा दंडक तर जागतिक सुगमता नियमावलीत २००८ पासून आहे. आपल्याकडे ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

हा प्रश्न केवळ अंधांचा आहे, असेही नाही. हात थरथरणाऱ्या आजोबांना माऊस धरवत नाही आणि चौकटीच्या कोपऱ्यातली ती इवलीशी फुली सापडत नाही. त्यांनाही कळफलकाचाच आधार.

वाचकहो, आपल्या घरातली कितीतरी मुले आज पुण्या-बंगळुरूला संगणकाच्या नोकरीत आहेत. दिवाळीला ती घरी येतील, तेव्हा फराळाच्या ताटाबरोबर एवढे सांगा : तू केलेले पान एकदा माऊस बाजूला ठेवून चालवून पाहा. टॅब, एंटर, एस्केप एवढ्यावर काम तडीस गेले, तर समजावे की आमच्या त्या विद्यार्थ्याला पासवर्ड कुणाच्या हाती द्यावा लागणार नाही.