सुईचा भार

यंत्रांविषयीं आमचें ज्ञान बेताचें आणि भीति मात्र बेसुमार. त्यामुळें फोनोच्या दांड्यावर नवें कार्ट्रिज आम्हीं स्वहस्तें बसविलें, हें आमच्या स्नेह्यांस खरें वाटणार नाहीं. पण प्रसंगच तसा आला. वडिलांनीं हौसेनें घेतलेली मल्लिकार्जुन मन्सुरांची एक तबकडी त्यांच्या मागें अकरा वर्षें कपाटांत उभी होती. गेल्या पावसाळ्यांत मातुश्री एकदां सहज म्हणाल्या, "अरे, ती तबकडी लाव ना एकदां. पुढें माझे कान राहतील, न राहतील." जुनी सुई पार झिजलेली, नवें कार्ट्रिज आणणें भाग पडलें.

धीर आला तो केसरबाई केरकरांमुळें. मन्सुरांच्याच जयपूर घराण्याच्या या गायिकेची एक भैरवी १९७७ सालीं दोन 'व्हॉयेजर' यानांबरोबर अंतराळांत गेली. त्या सोनेरी तबकडीसोबत कार्ट्रिज व सुईहि ठेवलेली असून, सुई कोठें टेकवावी याचें चित्र वेष्टनावर कोरलेलें आहे. परग्रहावरच्या श्रोत्याकडून जी अपेक्षा, ती पुण्याच्या पदवीधराकडून करण्यास हरकत नसावी!

कार्ट्रिज म्हणजे आंगठ्याच्या पेराएवढी डबी. तिच्या पोटाखालीं बारीक काडी आणि काडीच्या टोकाशीं हिऱ्याची अणी. पांढरी, तांबडी, निळी व हिरवी अशा केसासारख्या चार तारा जोडून दोन स्क्रू आवळले, कीं खरी अडचण सुरू होते. मूळ तबकडी कोरणारी छिन्नी कांठापासून मध्याकडे सरळ रेषेंत सरकते. आपली सुई मात्र खुंटीभोंवतीं फिरणाऱ्या दांड्यावर असल्यानें कमानीच्या वाटेनें जाते. या दोहोंचा मेळ पूर्णपणें कधींच बसत नाहीं. लॉफग्रेन यांनीं १९३८ सालीं व बेअरवाल्ड यांनीं १९४१ सालीं गणितानें दाखविलें कीं, दांड्याची लांबी व बांक नीट साधल्यास ही तफावत अल्प राहते, आणि दोन ठिकाणीं तर ती अजिबात नाहींशी होते. बारा इंची तबकडीवर तीं ठिकाणें मध्यापासून सुमारें ६६ व १२१ मिलिमीटरांवर येतात. छापील मापावरच्या त्या दोन खुणांशीं डबीची कड जुळेपर्यंत आम्ही भिंग घेऊन तासभर वांकून बसलों होतों.

अवघड तें साधलें आणि सोपें तेवढें चुकलें. सोबतच्या पत्रकांत सुईचा भार दीड ते दोन ग्रॅम ठेवावा असें स्पष्ट छापलें होतें. पण आजोळच्या चावीच्या फोनोची ती जड मान आणि लाखेच्या तबकड्या खरवडणारी पोलादी पिन आमच्या डोळ्यांपुढें उभी राहिली. वडिलांच्या तबकडीस इजा नको, म्हणून आम्हीं भार एका ग्रॅमावर आणला आणि स्वतःच्या कोमल अंतःकरणावर प्रसन्न झालों.

आलाप निर्वेध पार पडले. पण तान वर चढली आणि आवाज फाटला. "मन्सुरांचा गळा असा नव्हता रे," मातुश्री म्हणाल्या. आम्हीं दोष तबकडीच्या वयास दिला, भार आणखी थोडा उतरविला, आणि चार संध्याकाळ तेंच गाणें लावलें. पांचव्या दिवशीं एका वृद्ध कारागिरास बोलाविलें. त्यानें तराजूकडे पाहिलें मात्र, आणि म्हणाला, "साहेब, सुई तुम्हीं धरून ठेवली आहे. तिला बसूं द्या."

मग त्यानें समजाविलें तें असें: तानेच्या वेळीं खोबण भराभर वळणें घेते. पुरेसा भार नसला तर सुईस तीं वळणें धरवत नाहींत. ती भिंतीपासून उडते, पुन्हां भिंतीवर आदळते, आणि प्रत्येक आघाताची खूण कायम राहते. त्यानें भार १.९ ग्रॅमावर नेला. गळा पूर्ववत् झाला. फक्त एका तानेंत ती खरखर राहून गेली. ती आमच्या हातची आहे.

त्या रात्रीं झोंप लागेना. मातुश्रींस दुःख होऊं नये म्हणून वडिलांचा विषय त्यांच्यापुढें काढावयाचा नाहीं, असा अलिखित नियम घरांत आम्हींच घातला होता. तबकडी कपाटांत राहिली ती सुई झिजली म्हणून नव्हे. अकरा वर्षें आम्ही त्यांच्याशीं एका ग्रॅमाच्या भारानें वागलों, आणि ती दया समजलों.

परवां ती तान आली तेव्हां मातुश्री हंसून म्हणाल्या, "ही तुझी जागा." मग वडिलांनीं ती तबकडी पगाराच्या दिवशीं, घरांत न विचारतां, कशी आणली आणि त्यावरून दोघांत दोन दिवस अबोला कसा होता, तें त्यांनीं सांगितलें. हें आम्हांस ठाऊकच नव्हतें. बाजू संपली, सुई मधल्या खोबणींत फिरत राहिली. ती उचलण्यास आम्ही लगेच उठलों नाहीं.