परमुलखातलं युद्ध

होळीच्या आधी धडगावच्या भोंगऱ्या बाजारात चांदी उन्हात येते. एरवी पेटीत जपून ठेवलेली, त्या दिवशी गळ्यांत, मनगटांवर, घोट्यांवर चढलेली. ढोल लांबून ऐकू येतो, पण त्याआधी कानावर येतो तो चांदीवर चांदी घासल्याचा आवाज. अशा गर्दीत माझी नजर माळेतल्या नाण्यांवर जाते. एखाद्या म्हाताऱ्या आजीच्या गळ्यात राणीछाप रुपया असतो. व्हिक्टोरिया राणीचा चेहरा झिजून गुळगुळीत झालेला, पण सराफ तो हातात घेताच ओळखतो, कारण त्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी आहे.

नंतरचा रुपया तसा नाही. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि 1940 साली सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. वजन तेच, वर राजाचा मुकुट तोच, आत चांदी अर्धी. पाठोपाठ 1941 साली राणीछाप रुपये चलनातून बाद झाले. ही फसवणूक म्हणायची का? सगळं रीतसर होतं, गॅझेटात छापलेलं होतं. पण धडगावभोवतीच्या अक्राणीच्या डोंगरात गॅझेट कोण वाचत होतं? 1947 साली निकेलचा रुपया आला आणि उरलीसुरली चांदीही गेली. निम्म्या चांदीची नाणी गोळा झाली त्यामागे एक देणं होतं. युद्धात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी चांदीनेच फेडायची होती. भोंगऱ्यातल्या त्या आजीने राणी गळ्यात ठेवली आणि सरकारच्या हिशोबातून आपली चांदी वाचवली. मला तिचा हा अडाणीपणा फार शहाणा वाटतो.

नोटांची गोष्ट आणखी वाईट. ब्रिटन इथून धान्य, कापड, ताग, माणसं उचलत होतं आणि त्याच्या खर्चातला स्वतःचा वाटा लंडनच्या खात्यात मांडून ठेवत होतं. त्या मांडलेल्या आकड्यांच्या भरवशावर इथे नोटा छापल्या जात होत्या. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटनकडे हिंदुस्थानचं येणं सुमारे 130 कोटी पौंड झालं होतं. आधी सावकार आपल्याला लुटत होता. आता आपण सावकार, आणि तरी उपाशी आपणच. हे कर्ज गरिबाने महागाईच्या रूपाने दिलं, आणि आपण ते देतोय हे त्याला कुणी सांगितलंही नाही.

सांगायचं कशाला? विचारलं तरी कुठे होतं! 3 सप्टेंबर 1939 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. निवडून आलेल्या एकाही प्रतिनिधीला विचारलं नाही. प्रांतांतली काँग्रेसची सरकारं राजीनामे देऊन बाहेर पडली, त्यात मुंबईचं बाळासाहेब खेरांचं सरकारही होतं. मग गोड शब्दांचे दिवस आले. हे युद्ध स्वातंत्र्यासाठी आहे, लोकशाहीसाठी आहे. ऑगस्ट 1941 मध्ये रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी अटलांटिक सनद काढली. कोणत्या राज्यपद्धतीत राहायचं हे ठरवण्याचा हक्क सगळ्या लोकांना आहे, असा तिचा आशय. सगळ्या लोकांना! हिंदुस्थानातल्या शिकलेल्या माणसांनी त्या दोन शब्दांकडे किती आशेने पाहिलं असेल.

महिना उलटायच्या आत चर्चिल यांनी पार्लमेंटात खुलासा केला. सनदेचा विचार करताना डोळ्यांपुढे होते ते मुख्यतः नाझींच्या टाचेखालचे युरोपातले देश. हिंदुस्थान, ब्रह्मदेश यांचा प्रश्न वेगळा. या भाषणाची तारीख होती 9 सप्टेंबर 1941.

नंदुरबारच्या माणसाला ही तारीख वाचून चमकायला होतं. आमच्याकडे 9 सप्टेंबर म्हणजे माणिक चौक. तारखांच्या योगायोगात अर्थ शोधू नये, हे मला कळतं. तरी बरोबर एका वर्षाने, 1942 च्या 9 सप्टेंबरला, आमच्या गावाने त्या भाषणाचं उत्तर दिलं असं मला वाटत राहतं, मग ते भाषण मिरवणुकीतल्या एकाही पोराने ऐकलेलं नसो.

तेव्हा नंदुरबार पश्चिम खानदेशातलं तालुक्याचं गाव होतं; जिल्हा व्हायला 1998 उजाडलं. सुरत-भुसावळ लोहमार्गावरची पेठ, गुजरातीत हिशोब आणि अहिराणीत भांडण. ऑगस्टात मुंबईला 'चले जाव' झालं, पुढारी पहाटेच उचलले गेले. महिनाभराने आमच्या गल्ल्यांतून शाळकरी पोरं तिरंगा घेऊन निघाली. घोषणा गुजराती होत्या, कारण पुढे चालणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरची भाषा ती होती. मराठी मुलखातल्या हुतात्म्यांच्या ओठांवर गुजराती शब्द होते, याचं आम्हाला इथे कधीच काही वाटलं नाही. चौकात पोलिसांनी मिरवणूक अडवली आणि गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. पाच जण. बंदूक मुलींकडे वळली तेव्हा शिरीषकुमार, मारायचं तर मला मारा, म्हणत पुढे झाला, असं गावात सांगतात. त्याचा जन्म 28 डिसेंबर 1926 चा. सोळा वर्षं पुरी व्हायला साडेतीन महिने होते.

माणिक चौकातून आजही जा. दुकानांच्या पाट्या, हातगाड्या, रिक्षांचे हॉर्न, आणि मध्ये स्मारक. रस्ता इतका अरुंद, की इथे मिरवणूक अडवल्यावर मागे फिरायला जागा तरी किती उरली असेल, हा प्रश्न दर वेळी मनात येतो. प्रभातफेरीत आम्ही पोरं इथून ओरडत जायचो. तेव्हा वाटायचं, गोरे वाईट होते आणि शिरीषकुमार शूर होता, एवढीच गोष्ट. त्या गोळीचा दारूगोळा कोणत्या युद्धाच्या कोठारातून आला, आणि ते युद्ध कशासाठी आहे असं सांगितलं जात होतं, हे कुणी जोडून दाखवलं नाही.

पुढच्या मार्चात, 2 तारखेला, तळोद्याच्या बाजूला रावलापाणीत पुन्हा बंदुका चालल्या. संत गुलाम महाराजांच्या मागे त्यांचे बंधू रामदास महाराज यांच्याबरोबर जमलेले ते आदिवासी भक्त होते. दारू सोडा म्हणणारी, आरती करणारी माणसं. लढाईच्या काळात भेदरलेल्या सरकारला तीही बंडखोर दिसली. तिथल्या नाल्याच्या खडकांवर गोळ्यांच्या खुणा दाखवतात.

आणि युद्धकाळात झाकाझाक किती? 1943 साली बंगालात सुमारे तीस लाख माणसं मेली, तरी सरकारने दुष्काळ-संहितेप्रमाणे दुष्काळ जाहीर केला नाही, कारण जाहीर केला की जबाबदारी घ्यावी लागते. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळ्याने भरलेलं फोर्ट स्टिकीन जहाज फुटलं, शेकडो माणसं गेली, आणि सेन्सॉरने ती बातमी मे महिन्यापर्यंत बाहेर पाठवू दिली नाही; जगाला ती आधी सांगितली जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने.

हे सगळं इंग्रजांच्या नावावर टाकून मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं. पण युद्धाच्या नावाने झाकायची सवय ते जाताना मागे ठेवून गेले आणि आपण ती नीट सांभाळली. भारत संरक्षण कायदा 1939 चा. त्याच नावाचा नवा कायदा 1962 साली आपल्याच संसदेने केला. चीनशी लढाई महिनाभरात थांबली, आणीबाणी मात्र जानेवारी 1968 पर्यंत चालली. त्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल 1963 साली तयार झाला. पक्ष बदलले, पंतप्रधान बदलले, पण एकाही सरकारने तो लोकांपुढे ठेवलेला नाही. ज्यांचे मुलगे तिथे बर्फात गेले, त्यांना का गेले हे विचारायचा अधिकार नाही, असाच याचा अर्थ. राज्य परक्याचं असो की आपलं, युद्धाचं निमित्त मिळालं की त्याला खरं बोलायची गरज वाटेनाशी होते, हे माझं मत आता पक्कं झालं आहे.

नंदुरबारच्या शिक्षकांना एक विनंती आहे. 9 सप्टेंबरला माणिक चौकात हार घाला, मुलांना घोषणा द्यायला लावा. पण त्याआधी वर्गात चर्चिल यांचं 1941 चं ते भाषण मराठीत वाचून दाखवा, आणि मुलांना त्यावर प्रश्न विचारू द्या. कोणत्याही सरकारबद्दल.