वाऱ्याची पायरी

वारा कोणास दिसत नाही. दिसते ते त्याने मोडलेले. पडलेले झाड, उडालेले छप्पर, वाकलेला खांब यांवरून त्याच्या बळाचे अनुमान करावे, एवढेच मनुष्याच्या हाती उरते. सातपुड्याच्या दक्षिण अंगास, मध्य प्रदेशातील पांढुर्णा व सौंसर या मराठी बोलणाऱ्या मुलखात (2023 साली या दोहोंचा मिळून वेगळा जिल्हा झाला) राहणाऱ्या आम्हांस हा प्रकार उन्हाळ्याच्या तोंडी वारंवार पाहावयास मिळतो. सौंसरजवळ जामसावळीस वायुपुत्र निजलेला आहे. त्याच्या पित्यास मात्र स्वस्थता ठाऊक नाही. वावधन सुटले आणि मागून गारा आल्या, म्हणजे मृग बहाराची तोडणीस आलेली संत्री भुईवर येतात, आणि आंबिया बहाराची नुकती धरलेली बोराएवढी फळेही गळतात. मग पटवारी येतो, झाडाखाली बसून पंचनामा लिहितो. नुकसान 25 ते 33 टक्के, 33 ते 50, की 50 हून अधिक? या तीन पायऱ्यांपैकी एकीवर आमचे वर्ष बसविले जाते. वाऱ्याचा वेग कोणी विचारीत नाही. सांगणार तरी कोण?

आमचे वावधन ते केवढे! परंतु टॉर्नेडो नावाचा जो भोवरा मेघापासून भूमीपर्यंत लोंबतो आणि घरेच्या घरे उचलतो, त्याचेही माप नेमके याच रीतीने घेतले जाते, हे वाचून आम्हांस प्रथम नवल वाटले. त्याच्या वाटेत वेगमापक क्वचितच सापडतो, आणि सापडला तर तोच मोडतो. तेत्सुया फुजिता या जपानी शास्त्रज्ञाने 1945 साली अणुबाँबने उद्ध्वस्त झालेल्या नागासाकी व हिरोशिमा येथील पडझड तपासली होती. पडलेल्या वस्तूंवरून आघात वाचण्याची हीच दृष्टी घेऊन त्याने पुढे अमेरिकेत, 1971 मध्ये, टॉर्नेडोंची श्रेणी बांधली. तिची सुधारलेली आवृत्ती तेथे 2007 पासून चालते. शून्यापासून पाचापर्यंत पायऱ्या, आणि घरे, शाळा, खांब, झाडे अशा 28 प्रकारच्या वस्तूंची यादी. पाचव्या पायरीस अनुमानित वेग ताशी 322 किलोमीटरांहून अधिक लागतो.

खरी कसोटी येथेच आहे. घर जोत्यापासून पुसून गेले, एवढ्याने पाचवी पायरी मिळत नाही. ते घर जोत्यास कसे जखडले होते, बोल्ट होते काय, असल्यास त्यांवर नट व वॉशर होते काय, हे परीक्षक वाकून पाहतात. कच्चे घर थोडक्या वाऱ्यानेही उडते. म्हणून त्याची साक्ष दुबळी. ओक्लाहोमातील मूर गावावर 20 मे 2013 रोजी आलेल्या टॉर्नेडोस पाचवी पायरी मिळाली, आणि त्यानंतर बारा वर्षे ती कोणासच मिळाली नाही. मग 20 जून 2025 रोजी नॉर्थ डकोटात एंडरलिनजवळ एका टॉर्नेडोने मालगाडीचे भरलेले डबे उलथविले आणि टाकीचा एक रिकामा डबा सुमारे 145 मीटर दूर फेकला. डब्यांचे वजन ठाऊक होते, म्हणून गणित मांडता आले, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात पायरी वाढवून पाचवी करण्यात आली.

याच्या उलट गोष्ट एल रेनोची. मूरनंतर अकराच दिवसांनी, 31 मे 2013 रोजी, तेथे चार किलोमीटरांहून अधिक रुंदीचा टॉर्नेडो आला. फिरत्या रडाराने त्यात ताशी सुमारे 480 किलोमीटर वेग टिपला. आधी पाचवी पायरी जाहीर झाली. पुढे ती काढून तिसरी देण्यात आली, कारण वाटेत बहुतेक मोकळे रान होते आणि मोडण्याजोगे फारसे काही नव्हते. कित्येकांस हा अन्याय वाटला. आमचे मत परीक्षकांच्या बाजूचे आहे. रडार एखाद्याच टॉर्नेडोजवळ पोहोचते. त्याची साक्ष एकास लावावी आणि शेकडोंस लावू नये, तर जुन्यानव्या नोंदींची तुलनाच बुडेल. मात्र मग पाचवी पायरी म्हणजे सर्वांत प्रबळ वारा, असे कोणी म्हणू नये. ज्याचे बळ सिद्ध करता आले, तो वारा, एवढेच म्हणावे.

आणि सिद्ध करणे हे भक्कम घरांच्या देशातच शक्य असते, ही गोष्ट आम्हांस बोचते. बांगलादेशात 26 एप्रिल 1989 रोजी दौलतपूर-सातुरिया भागात टॉर्नेडोने सुमारे 1300 माणसे घेतली. ज्ञात इतिहासात याहून घातक टॉर्नेडो नाही. परंतु मृतांची संख्या कोणत्याही पायरीच्या हिशेबात धरली जात नाही, आणि टिनाच्या व बांबूच्या झोपड्या साक्ष देऊ शकत नाहीत. जपानने यावर उपाय केला. फुजिताच्या मायदेशाने 2015 साली आपली निराळी यादी केली आणि तीत तेथील लाकडी घरे, रस्त्यावरील विक्रीयंत्रे, एवढेच नव्हे तर थडग्यांचे दगडही घातले.

आमच्या मुलखाची अशी यादी करावयाची झाल्यास कवेलूंचे छप्पर, दगड ठेवून दाबलेला टिनाचा पत्रा, विहिरीवरील पंपाची खोली, धुऱ्यावरचा साग आणि मुळासकट उपटलेले संत्र्याचे झाड तीत यावे लागेल. झाड किती वर्षांचे, जमीन भिजलेली होती की कोरडी, हेही लिहावे लागेल. भिजल्या काळ्या मातीतून झाड सहज निघते. आणि हे सर्व दोन दिवसांत पाहावे लागेल. तिसऱ्या दिवशी पत्रे पुन्हा घरावर चढलेले असतात, फांद्या सरपणास गेलेल्या असतात, आणि पडलेली संत्री मिळेल त्या भावाने गाडीत भरली गेलेली असतात.