सामान कुठे ठेवायचं?

आमची मुलुंडची बिल्डिंग पाडली त्याला आता वर्ष होत आलं. चार मजले, लिफ्ट नाही, १९७४ सालचं बांधकाम. पुनर्विकासाच्या मीटिंगा इतकी वर्षं चालल्या होत्या की हे खरंच होईल असं कोणालाच वाटत नव्हतं. मग एक दिवस जिन्याखालच्या फळ्यावर नोटीस लागली. ६० दिवसांत जागा रिकामी करायची. अकरा महिन्यांचं भाडं बिल्डर आगाऊ देणार, सामान हलवण्याचे पैसे वेगळे, आणि नवीन घर ३६ महिन्यांत.

ऐकायला सगळं छान. पण आजूबाजूच्या तीन सोसायट्या एकाच वेळी रिकाम्या होत होत्या, त्यामुळे भाडी वर गेलेली. बिल्डरच्या पैशात आम्हाला वन बीएचके मिळालं. माणसं चार - आई, आम्ही दोघं आणि लेक. आणि घराला माळा नाही.

जुन्या घराला दोन माळे होते, एक स्वयंपाकघरात आणि एक बाथरूमवर. आमच्यासारख्या घरांत पन्नास वर्षं कुठल्याच वस्तूचा निर्णय न घेता राहता येतं, ते माळ्याच्या जोरावर. "टाकू नकोस, माळ्यावर ठेव" हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलंय तितक्या वेळा शुभंकरोतीही म्हटली नसेल. :)

माळे उतरवले तेव्हा काय काय निघालं! तांब्याचा बंब, पितळी घंगाळ, पाटा-वरवंटा, आईचं शिवणाचं मशीन, दिवाळी अंकांचे सुतळीने बांधलेले गठ्ठे, कॅसेटचे तीन खोके, लेकीचा पाळणा, गणपतीच्या मखराच्या पट्ट्या. खाली घरात होतं ते वेगळंच - सोफा, जेवणाचं टेबल, दोन पलंग, आणि बाबांचं सागवानी कपाट.

बाबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यांच्या कपाटाला कोणी हात लावला नव्हता. शर्ट तसेच, चष्मा तसाच.

मी आईला म्हटलं, "आई, हे सगळं नाही गं मावणार."

ती म्हणाली, "मग टाकून दे सगळं. मलाही टाक."

अशा वेळी माणूस जे करतो ते मी केलं. रात्री फोन घेऊन बसलो आणि सामान ठेवायला भाड्याने जागा कुठे मिळते ते शोधायला लागलो. हे मी वस्तूंसाठी करत नव्हतो, हे तेव्हाच कळायला हवं होतं. आईशी भांडण नको म्हणून मी तीन वर्षांसाठी एक जादा माळा विकत घ्यायला निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. तो न्यू जर्सीत एडिसनला असतो. मी मोठ्या उत्साहाने त्याला सांगितलं की असं असं स्टोरेज घेतोय. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "घे, पण माझ्यासारखं करू नकोस."

अमेरिकेत हा धंदा जुना आहे. १९६०च्या दशकात टेक्सासमध्ये अशी गाळ्यांची गोदामं सुरू झाली, आता तिथे गावागावात हायवेला लागून शटरच्या रांगा दिसतात. दादाने अपार्टमेंट सोडलं आणि घराचा ताबा मिळायला दोन महिने होते, म्हणून त्याने दहा बाय दहा फुटांचा गाळा घेतला. पहिला महिना एक डॉलर! करार महिन्या-महिन्याचा, कधीही सोडा. घर मिळालं, हवं ते सामान घरी आलं, आणि जे नको होतं पण टाकवतही नव्हतं ते गाळ्यात राहिलं. भाडं कार्डावरून आपोआप जायचं. ते दर काही महिन्यांनी थोडं थोडं वाढायचं. इतकं थोडं, की त्यासाठी एक शनिवार घालवून गाळा रिकामा करावा असं कधी वाटू नये.

सहा वर्षांनी त्याने शटर वर केलं. आत एक सोफा, एक जुना टीव्ही, ओलसर वास मारणारी गादी आणि काही पुस्तकं. भाड्यापायी तोवर दहा हजार डॉलरच्या वर गेले होते. शिवाय सोफा आणि गादी उचलून न्यायला माणसं बोलावली, त्याचे वेगळे.

"बरं, पैसे भरले नाहीत तर?" मी विचारलं.

"तर ते आपलं कुलूप लावतात, नोटीस पाठवतात, आणि शेवटी आतल्या सामानाचा लिलाव." अशा लिलावांवर तिकडे २०१० पासून 'स्टोरेज वॉर्स' नावाची मालिकाच चालली. लोकांच्या थकलेल्या भाड्याची करमणूक! असो.

दादाचं म्हणणं एवढंच होतं. सामान परत कधी आणायचं आणि कुठे ठेवायचं, हे दोन्ही माहीत असेल तर जागा भाड्याने घ्यावी. यातलं एक जरी माहीत नसेल तर आपण वस्तू ठेवत नाही, निर्णय ठेवतो. आणि निर्णयाचं भाडं दर महिन्याला चढत जातं.

मग मी जरा शांतपणे चौकशी केली. आपल्याकडे साधारण दोन प्रकार दिसले. एकात कंपनीची माणसं घरी येतात, सामान बांधून टेम्पोतून शहराबाहेरच्या गोदामात नेतात. ते तिथे इतरांच्या सामानाबरोबर रचून ठेवलेलं असतं. तुम्हाला मधेच एखादी वस्तू हवी असेल तर आधी कळवायचं, काढून द्यायचे पैसे भरायचे. दुसऱ्या प्रकारात शहरातच छोट्या छोट्या खोल्या असतात, कुलूप आपलं, किल्ली आपली, कामाच्या वेळेत कधीही जाऊन या. पहिला स्वस्त, दुसरा महाग. ज्यांना तीन वर्षं तोंडही बघायचं नाही अशा पलंगांसाठी पहिला ठीक. मला अधूनमधून जाऊन बघायचं होतं, म्हणून मी दुसरा बघितला.

सगळं सामान मावेल अशा खोलीचे मला महिना ४,००० रुपये सांगितले. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,७२०. छत्तीस महिन्यांचे झाले १,६९,९२०. जाता-येताचे टेम्पो-हमाल वेगळे. मी पेन घेऊन दुसऱ्या बाजूला त्या सामानाची किंमत मांडायला लागलो. सोफा जुन्या बाजारात दोन हजारालाही जाणार नव्हता. टेबलाचा एक पाय हलत होता. नवीन टेबल घेऊन वर पैसे उरले असते.

शिवाय ३६ महिने हा बिल्डरचा आकडा. गोरेगावच्या पत्रा चाळीतल्या ६७२ कुटुंबांचा करार २००८ साली झाला होता, आणि ती माणसं दशकाहून जास्त काळ नव्या घराची वाट बघत राहिली. आमचं तसं होईल असं नाही. पण हिशोब करताना मी तीनच्या जागी पाच वर्षं धरली. पाच वर्षं परवडत असेल तरच घ्यायचं, नाहीतर नाही.

हा कागद घेऊन मी आईपुढे बसलो. मला वाटलं होतं ती आकडे बघून ऐकेल. तिने आकडे बघितलेच नाहीत.

"अरे, तीन वर्षांनी मी असेन-नसेन. माझ्यासाठी काही ठेवू नकोस. तेवढं ह्यांचं कपाट मात्र जपून ठेव."

यावर काय बोलणार? आई ७६ वर्षांची. मी सामानाचा हिशोब करत होतो आणि ती दिवसांचा.

त्या संध्याकाळी मी कपाट रिकामं करायला घेतलं. दाराच्या आतल्या बाजूला बाबांच्या अक्षरातला एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला होता. लहानपणापासून तिथेच होता, म्हणून कधी नीट वाचलाच नव्हता. वर लिहिलं होतं, 'माळा क्र. १' आणि 'माळा क्र. २'. खाली यादी. बंब, घंगाळ, पाटा-वरवंटा. प्रत्येकापुढे तारीख. आणि काही नावांवर रेघ मारून पुढे, 'दिले'. कोणाला दिले तेही. म्हणजे बाबा माळ्यावर वस्तू टाकून विसरून जात नव्हते. आम्ही विसरत होतो.

मी तो कागद आईला दाखवला. तिला तो माहीत होताच. म्हणाली, "वही आण."

मग आम्ही दोघं तीन रात्री बसलो. बिल्डरने दिलेला नव्या घराचा नकाशा मधे पसरला. एकच नियम केला - ठेवायची प्रत्येक वस्तू नव्या घरात कुठे उभी राहील ते नकाशावर पेन्सिलने दाखवायचं. दाखवता आलं तर ठेवायची, नाहीतर तिचं घर आत्ताच शोधायचं. हा नियम मी आईसाठी केला होता, पण पहिला बळी माझ्या कॅसेटचा गेला. दिवाळी अंक एका छोट्या वाचनालयाने आनंदाने नेले. पाळणा मावसबहिणीच्या सुनेकडे गेला, तिला सातवा चालू होता. पाटा-वरवंटा आईनेच मोलकरणीला विचारून दिला. सोफा आणि टेबल गेले. बंब आणि घंगाळ राहिले, नव्या घरातली त्यांची जागा आईने मोठ्या खिडकीखाली दाखवली. शिवणाचं मशीन राहिलं. पलंग राहिले, कारण ते चांगले होते आणि सुटे होत होते.

कपाटाची पाळी शेवटी आली. मी नकाशावर जागा दाखवली, बेडरूमची उत्तरेची भिंत. आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तीन वर्षं कुठल्या तरी अंधाऱ्या खोलीत राहणार का ते?"

"अगं, तूच म्हणालीस ना, जपून ठेव म्हणून."

"जपून म्हणजे घरात."

आणि तिथे मला उलगडलं. आपण मोलाच्या वस्तू स्टोरेजमध्ये ठेवायला निघतो, कारण त्या मोलाच्या आहेत. पण जे सगळ्यात जवळचं आहे ते तिथे ठेवायचंच नसतं. ज्याच्यावाचून तीन वर्षं खुशाल निघतील पण नंतर लागणार आहे, तेवढंच तिथलं. जे रोज डोळ्यांपुढे हवं ते अडचण करून का होईना, बरोबर न्यायचं. विशेषतः ज्याला ते हवंय त्याचं वय ७६ असेल तर.

कपाट वन बीएचकेत आलं. बेडरूमची एक भिंत पूर्ण गेली, खिडकीचं एक दार अर्धंच उघडतं. बायको काही बोलली नाही, हे तिचे उपकार.

बाकीच्यासाठी पाच बाय पाच फुटांची खोली पुरली. २,४०० अधिक जीएसटी, म्हणजे २,८३२. घेताना जे विचारलं ते सांगतो, कोणाच्या उपयोगी पडेल. खोली कितव्या मजल्यावर आहे हे पहिलं विचारलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, तळमजल्यावरच्या नातेवाइकांची घरं आम्ही उपसली आहेत. म्हणून दुसरा मजला घेतला. भाडं वर्षाला किती वाढणार ते करारात लिहून घेतलं. विमा कशाचा आहे आणि कशाचा नाही तेही वाचलं. दागिने, रोकड, कागदपत्रं तिथे ठेवायची नसतात. गॅस सिलिंडर, रंगाचे डबे, धान्य तर चालतच नाही.

बांधताना लाकडाला प्लॅस्टिक घट्ट गुंडाळलं नाही. आत ओल कोंडते आणि बुरशी धरते. जुन्या सुती चादरी वापरल्या. मशीनला तेल दिलं. सगळं लाकडी फळ्यांवर ठेवलं, भिंतीपासून वीतभर सोडून. गाद्या ठेवल्याच नाहीत. प्रत्येक खोक्यावर आकडा घातला आणि वहीत त्या आकड्यापुढे आत काय आहे ते लिहिलं.

पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये आईला घेऊन तिथे गेलो. तिने कुलूप स्वतः उघडलं, चादरी वर करून पलंगाच्या लाकडाला हात लावून बघितला, घंगाळावर बोट फिरवलं. "कोरडं आहे," म्हणाली. दहा मिनिटांत आम्ही बाहेर. येताना रिक्षात मला म्हणाली, "पुढच्या वेळी त्या मशीनला मी तेल देईन. तू कमी घातलंयस."

पुढच्या वेळी. मी काही बोललो नाही.

घरी आल्यावर तिने वहीतलं ते पान फाडलं आणि कपाटाच्या दाराला आतून, बाबांच्या कागदाखाली चिकटवलं. वर लिहिलं, 'माळा क्र. ३'.