हरताळ

हनुवटीवरचा पहिला राठ केस तिला विसाव्या वर्षी आढळला, पुण्याच्या वसतिगृहात. दिसला म्हणण्यापेक्षा बोटाला लागला. वाचताना हनुवटीवर हात टेकण्याची तिला सवय होती. पुढची पंचवीस वर्षे ते बोट तिथेच राहिले. दिल्लीत मराठी शिकवताना, तोंडी परीक्षा घेताना, बैठकीत मत मांडण्यापूर्वी ते नकळत तिथे जाई. सहकाऱ्यांना ती विचारमग्न वाटे. ती केस मोजत असे.

चिमटे तिच्यापाशी तीन होते: एक पर्समध्ये, एक पेनांच्या डबीत, एक खिडकीच्या फळीवर, कारण खरा प्रकाश सकाळी त्या खिडकीतच येई. दिल्लीचा हिवाळा तिला प्रिय होता. शाल हनुवटीपर्यंत ओढून घेतली तर कोणी कारण विचारीत नसे.

तिचा व्यासंग जुन्या पोथ्यांचा. पोथीत चुकलेला मजकूर पुसण्यासाठी लेखक त्यावर पिवळा हरताळ फाशीत, आणि मराठी माणूस आजही चांगल्या कामाला हरताळ फासतो. पण हाच हरताळ शंखाच्या चूर्णाबरोबर केस घालविण्याच्या लेपात सुश्रुतसंहितेत येतो, हे तिला फार उशिरा कळले. सुश्रुताचा हेतू शोभेचा नव्हता. व्रण भरून येण्याच्या आड येणारे केस त्याला दूर करायचे होते. हरताळ म्हणजे सोमलाचे गंधकाशी झालेले संयुग, विषच. अक्षर असो की केस, नकोसे झालेले पुसायला एकच पिवळे विष, हे वाचून ती त्या दिवशी ग्रंथालयात एकटीच हसली.

संस्कृत कवींनी तर नाभीवरच्या रोमावलीवर शतके रचली. लव कुठे शोभावी आणि कुठे शोभू नये, याचा निर्णय मात्र ती जिच्या अंगावर उगवते तिने कधीच केला नाही. तिच्या पणजीचे केशवपन झाले होते. या कामाविरुद्ध मुंबईच्या न्हाव्यांनी १८९० सालीच संप केला होता. पणजीच्या गावापर्यंत तो पोचला नसावा.

घरच्या घरी करण्यासारखे उपाय तिने सगळे केले. हळद आणि डाळीचे पीठ, साखर-लिंबाचा चिकट पाक, दोरा. तान्हेपणी आजीने तिच्या अंगावरून कणकेचा गोळाही फिरविला होता. यांपैकी काहीच मुळाशी जात नाही. मूळ जाळण्याची पहिली खात्रीची रीत सेंट लुईसच्या चार्ल्स मिशेल या नेत्रवैद्याने १८७५ साली प्रसिद्ध केली; डोळ्यात खुपणाऱ्या पापण्यांच्या केसांसाठी त्याने सुईतून वीज सोडली. ती रीत आजही टिकून आहे, पण एकेका केसाला एकेकदा सुई. स्वतःच्या हनुवटीवर, आरशात उलटे पाहत, ते साधत नाही. १९२०च्या दशकात अमेरिकेतील प्रसाधनगृहांनी क्ष-किरणांचा सोपा मार्ग काढला. केस गेले, कित्येकींना पुढे कर्करोग झाला.

तिने घेतले ते हातात मावणारे, प्रकाशाचा झोत टाकणारे यंत्र. हा प्रकाश केसातील काळा रंग शोषून घेतो आणि त्या उष्णतेने मूळ भाजते. केस वाढीच्या अवस्थेत असेल तरच. म्हणून आठवडेच्या आठवडे पुन्हापुन्हा. पांढऱ्या केसाला तो काहीच करीत नाही. त्वचा सावळी असेल तर तीच भाजण्याची भीती. डबीत रंगांची एक पट्टी होती, फिकटापासून काळ्यापर्यंत. शेवटच्या चौकोनावर फुली. तिने मनगट पट्टीला लावून पाहिले. फुलीच्या अलीकडे ती जेमतेम होती. आणि ‘कायमचे’ हा शब्द? अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन अशा प्रकाशाला कायमची घट एवढेच म्हणू देते, कायमचे निर्मूलन नव्हे. वैयाकरणाला शोभेल असा हा भेद तिला आवडला. किंमत मात्र निर्मूलनाची मोजली होती.

चौदा वर्षांची कन्या दारात उभी होती. तिच्या ओठावर लव दाट होऊ लागली होती, शाळेत कोणी काही बोलले होते. काय, ते तिने सांगितले नव्हते. वर्ण तिने वडिलांचा घेतलेला. तिनेही मनगट पुढे केले. ते फुलीवरच पडले.

“माझ्यावर चालणार नाही का, आई?”

गव्हाळ-सावळ्या स्त्रियांच्या चेहऱ्यावर या प्रकाशाने क्वचित केस उलट वाढतात, हेही आईने वाचले होते. मुलीची पाळी वर्षभर अनियमित होती, आणि अशा वेळी कारण पुष्कळदा त्वचेत नसून अंडाशयात असते. स्वतःच्या वीस-पंचवीस वर्षांत ती एकदाही डॉक्टरांकडे गेली नव्हती. लाज तिला चिमट्याच्या पलीकडे जाऊच देत नव्हती. तिने पट्टी डबीत ठेवली आणि मुलीदेखत दूरध्वनी करून दोघींसाठी वेळ मागितली. गुरुवारची मिळाली.

मग ती खिडकीपाशी बसली. हल्ली जवळचे नीट दिसत नसे आणि चष्मा लावला की चिमटा काचेला अडखळे. आजीचीही अशीच अडचण झाली होती. तेव्हा ती नातीला हाक मारी आणि मान वर करून डोळे मिटून घेई.

“इकडे ये,” ती मुलीला म्हणाली, “दोन पांढरे आहेत. मला दिसत नाहीत.”

मुलीने चिमटा घेतला. “तीन आहेत,” ती म्हणाली.