पहिल्या पानावरचे नाव



वर्षाला ठरावीक रक्कम द्या, गुगलवर शाळेचे नाव पहिल्या पानावर आणून देतो, असा एक प्रस्ताव विश्वस्तांपुढे आला आहे. मराठी माध्यमाच्या पटाची काळजी सर्वांनाच आहे, तेव्हा मोह होणे स्वाभाविक आहे. माझे मत मात्र वेगळे आहे.

१९९८ साली गुगल सुरू झाले तेव्हा त्याची मुख्य युक्ती अशी होती की, ज्या पानाकडे इतर पाने बोट दाखवतात ते महत्त्वाचे. मग नाव वर आणण्याचा धंदाच उभा राहिला. तोच शब्द पन्नास वेळा लिहिणे, दुवे विकत घेणे, सगळे झाले. आता कृत्रिम बुद्धिमत्ता अनेक पानांवरून स्वतःच उत्तर तयार करून वर ठेवते. पुष्कळ लोक तेवढे वाचून थांबतात. मग खालच्या यादीत पहिला नंबर घेऊन काय करायचे?

नववीला बिदरी कामावर लिहायला सांगितले होते. बहुतेक वह्यांत तेच परिच्छेद: जस्त-तांब्याचा मिश्रधातू, चांदीचे जडावकाम, किल्ल्याची माती. चूक काहीच नव्हते. बिदरच्या शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये याच कलेसाठी पद्मश्री मिळाली, हेही होते. पण कारागीर ती माती जिभेला लावून पारखतो, हे एकाच मुलीने लिहिले. ती शेजारच्या कारखान्यात जाऊन बघून आली होती. शुद्धलेखन कच्चे, तरी गुण तिलाच जास्त दिले.

भारतात ही उत्तरांची सोय ऑगस्ट २०२४ मध्ये आली ती इंग्रजी व हिंदीत. मी हिंदी माध्यमाचा पदवीधर, माझे भागले. मराठीचे काय? यंत्राला वाचायला मिळेल त्यावरच ते बोलणार. आपल्या वार्तापत्राचे जुने अंक युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये आहेत. आपल्याला ती मराठी दिसते, यंत्राला निरर्थक अक्षरे. या सीमाभागातल्या मराठी शिक्षणाची कितीतरी हकीकत त्यात अडकून पडली आहे.

तेव्हा ती रक्कम हे अंक युनिकोडमध्ये टाइप करून घेण्यावर खर्च करावी. प्रवेशाची माहितीही चित्र म्हणून न टाकता अक्षरांत द्यावी. गुलबर्ग्याचे २०१४ मध्ये कलबुर्गी झाले, पण लोक अजून जुन्या नावानेही शोधतात, म्हणून दोन्ही लिहावीत. काही जुने अंक कार्यालयात नाहीत. ज्यांच्या घरी असतील त्यांनी आणून द्यावेत, झेरॉक्स काढून लगेच परत करू.